‘म्हातारचळ’ हे निदान नाही

दुपारी पोटभर जेवलेली म्हातारी तासाभरात शेजारी जाऊन सांगते, ‘मले सकाळपासून कोनं जेवाले नाई देल्लं.’ सून कपाळाला हात लावते, नातू हसतो, शेजारीण म्हणते, ‘बुढीले चळ लागला.’ वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात हे घडू शकतं आणि बहुतेक ठिकाणी प्रकरण तिथंच संपतं. त्याच म्हातारीच्या छातीत दुखलं असतं, तर कुणीतरी १०८ला फोन लावला असता. पाय मोडला असता, तर गाडी करून तिला वाशिमला नेलं असतं. मेंदू झिजायला लागला, तर मात्र तिला एक शब्द मिळतो आणि त्या शब्दावर सगळ्यांचं समाधान होतं.

मराठीत या अवस्थेसाठी शब्दांचा तुटवडा नाही. म्हातारचळ, भ्रमिष्टपणा, ‘साठी बुद्धी नाठी’, ‘म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण’. यांतला एकही शब्द ऐकून कुणी दवाखान्याची वाट धरत नाही. ‘चळ’ या शब्दात तर दोषही म्हातारीच्याच माथी मारलेला आहे, जणू ती हट्टानं विसरते. पुस्तकात ‘स्मृतिभ्रंश’ आहे, पेपरात ‘डिमेन्शिया’ आहे, आणि त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. पण हे शब्द रिसोड-मालेगावच्या ओसरीपर्यंत पोचलेले नाहीत, कारण ते पोचवणारं कुणी तिथं गेलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. विसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं निदान आणि त्यांच्यावरचं संशोधन वाशिमसारख्या जिल्ह्यात व्हायला हवं, मुंबई-पुण्याचं काम आटोपल्यावर उरलंसुरलं म्हणून नव्हे, तर आधी. त्यासाठी लागणारी बरीचशी यंत्रणा इथं आधीच उभी आहे. ती या कामाला लावायची कुणाची तयारी दिसत नाही, म्हणून हे भांडण.

‘हा शहरातला आजार आहे’

पहिला गैरसमज हाच. ‘टेन्शनवाल्या, शिकलेल्या, एकट्या राहणाऱ्या शहरी लोकांना होतं ते. आपल्याकडं लोक शेतात राबतात, भाकर खातात, आपल्याला कुठलं अल्झायमर?’

भारतात म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीची देशपातळीवरची मोठी तपासणी ‘लासी-डॅड’ या अभ्यासात झाली. दिल्लीचं एम्स आणि अमेरिकेतलं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ या कामात होतं. चार हजारांहून अधिक लोकांना घरी किंवा दवाखान्यात तपासून २०२३मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साठीच्या पुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशात अंदाजे ८८ लाख माणसं. शहरांत ५.३ टक्के आणि खेड्यांत ८.४ टक्के. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांत जास्त.

म्हणजे हा आजार ज्या माणसाला गाठण्याची शक्यता सर्वाधिक आहे, ती खेड्यातली, न शिकलेली, म्हातारी बाई आहे. वाशिम जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार ११ लाख ९७ हजार माणसं होती आणि त्यांतली ऐंशी टक्क्यांहून जास्त खेड्यांत. महाराष्ट्रात दर दहांतला एक जण तेव्हा साठीच्या पुढं होता. तेच प्रमाण इथं धरून देशाच्या सरासरीनं गुणलं, तर या एका जिल्ह्यात नऊ हजारांच्या आसपास माणसं डिमेन्शियासह जगत असावीत. हा मोजलेल्या रुग्णांचा आकडा नाही, साधा गुणाकार आहे. पण तो खरा आकड्यापासून निम्मा जरी चुकला, तरी साडेचार हजार घरं उरतात.

आता निती आयोगाकडं बघा. २०१८मध्ये देशातले जे मागास जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातले गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशिम हे चार होते. या जिल्ह्यांची प्रगती निर्देशांकांवर मोजली जाते. आरोग्याच्या भागात गरोदर बायकांची तपासणी, दवाखान्यातली बाळंतपणं, कुपोषण, लसीकरण, क्षयरोग हे सगळं आहे आणि ते असायलाच हवं. विसरणाऱ्या म्हातारीसाठी मात्र त्यात रकाना नाही. जिल्ह्याची ‘आकांक्षा’ साठीच्या अलीकडंच थांबते.

चौकशी कुणाची झाली?

या आजाराची कहाणी एका चौकशीनं सुरू झाली. १९०१मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. ती कुणी विदुषी नव्हती, रेल्वेतल्या कारकुनाची बायको होती. अलॉइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरनं तिच्यासमोर बसून तिला नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, वस्तू दाखवल्या आणि तिची उत्तरं लिहून ठेवली. ती गेल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून १९०६मध्ये त्यानं आपली निरीक्षणं मांडली. तिची हरवलेली फाइल १९९५मध्ये सापडली, तेव्हा त्या नोंदी तशाच होत्या. एका सामान्य घरातल्या बाईच्या विसरण्याला ‘चळ’ न म्हणता कुणीतरी ते लिहून घेतलं, म्हणून आज त्या आजाराला नाव आहे.

अमेरिकेत हे काम पुढं विद्यापीठांनी हाती घेतलं. १९८४पासून तिथल्या राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेच्या पैशातून विद्यापीठांमध्ये अल्झायमर संशोधन केंद्रं सुरू झाली. आज ती तीसहून जास्त आहेत. अशा केंद्रात काय चालतं? शेकडो म्हाताऱ्या माणसांना, निरोगी आणि आजारी दोघांनाही, दरवर्षी बोलावतात. स्मरणशक्ती तपासतात, रक्त घेतात, मेंदूचं छायाचित्र काढतात, घरच्यांना प्रश्न विचारतात. अनेक जण मरणानंतर मेंदू देण्याची संमती लिहून देतात. एका वर्षाच्या तपासणीतून फार थोडं कळतं. तोच माणूस दहा वर्षं पाहिला की आजार कुठून सुरू झाला ते दिसायला लागतं. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या नन्सच्या प्रसिद्ध अभ्यासात ६७८ जोगिणी सहभागी झाल्या होत्या. त्यांतल्या काहींच्या मेंदूत आजाराच्या खुणा भरपूर सापडल्या, पण जिवंतपणी त्यांची स्मृती शाबूत होती. हे कोडं कुणाला पडलं, तर वर्षानुवर्षं त्याच बायकांकडं परत जाणाऱ्यांना.

अडचण अशी की या केंद्रांतून आलेलं ज्ञान प्रामुख्यानं गोऱ्या आणि भरपूर शिकलेल्या माणसांचं आहे. हा आरोप माझा एकट्याचा नाही. १९९८मध्ये कोचीनमध्ये जमलेल्या संशोधकांनी आपल्या गटाचं नावच ‘१०/६६’ ठेवलं. जगातले ६६ टक्के रुग्ण गरीब आणि विकसनशील देशांत, आणि त्यांच्यावरचं संशोधन दहा टक्क्यांहून कमी, असा त्या नावाचा अर्थ.

मराठी माणसाच्या कल्पनेतही हेच घडलं. अल्झायमर म्हटलं की आपल्याला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’तले मोहन आगाशे आठवतात, संस्कृतचे थोर पंडित. सिनेमा उत्तमच आहे. त्यात हरवलेल्या पंडिताला सांभाळते ती माहुताची बायको, अमृता सुभाष यांनी उभी केलेली एक गरीब, बिनशिकलेली बाई. ही बाई पंच्याहत्तरीला पोचून स्वतःच हरवायला लागली, तर तिच्यावर सिनेमा निघणार नाही आणि शोधनिबंधही नाही. ती वाशिममध्ये आहे.

पंचकोन काढता येत नाही म्हणून?

‘मग तपासा की तिला,’ असं म्हणाल. कशानं तपासणार?

जगभर वापरली जाणारी स्मरणशक्तीची चाचणी १९७५ची आहे. ३० गुणांची. आज तारीख काय, साल कोणतं? शंभरातून सात-सात वजा करत जा. एक वाक्य लिहा. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. मानोऱ्याकडच्या एखाद्या तांड्यावरची आजी समजा. तिला इंग्रजी तारीख कधीच लागली नव्हती. ती दिवस मोजते ते बाजाराच्या वारावर, सणावर, तूर सोंगायला आली त्यावर. पेन्सिल तिनं आयुष्यात धरली नाही. या चाचणीत ती तरुणपणीही नापास झाली असती. म्हणजे धडधाकट बाई आजारी ठरेल, किंवा डॉक्टर म्हणेल, ‘अडाणी आहे, सोडून द्या,’ आणि खरोखर आजारी असलेली सुटून जाईल.

यावर उत्तर निघालेलं आहे आणि तेही एका खेड्यातच. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये अमेरिकेतलं पिट्सबर्ग विद्यापीठ आणि भारतीय डॉक्टरांनी मिळून ५५ वर्षांवरच्या पाच हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास केला. त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश निरक्षर होते. त्यांच्यासाठी १९९५मध्ये हिंदी चाचणी तयार झाली. शंभरातून सात वजा करण्याऐवजी वीसमधून तीन. वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल एक वाक्य बोलणं. वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरच्याची नक्कल करणं. साधे बदल आहेत, पण ते सुचण्यासाठी कुणीतरी ओट्यावर जाऊन बसावं लागतं.

पुढं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच तयार करवला. पहिल्या पाच भाषा होत्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्यांत नव्हती. अभिजात दर्जासाठी आपण अकरा-बारा वर्षं भांडलो आणि तो मिळवला, चांगलं झालं. मराठीत म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती नीट तपासता यावी, यासाठी कुणी मोर्चा काढल्याचं आठवत नाही. मग वऱ्हाडीचं आणि बंजारा समाजाच्या गोरबोलीचं तर नावच नको.

इथंच वाशिमचं खरं महत्त्व आहे. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३मध्ये दाखवलं, की एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शियाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. न शिकलेल्यांतही हा फरक होता. आता घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, कामावर हिंदी बोलणारी तांड्यावरची म्हातारी घ्या. तिच्या तीन भाषांनी तिला किती वर्षं राखलं? बल्लभगडमध्ये अल्झायमरचं प्रमाण जगात अतिशय कमी निघालं होतं आणि ‘लासी-डॅड’मध्ये खेड्यांतलं डिमेन्शियाचं प्रमाण शहरांहून जास्त निघालं. निकष वेगळे, वयोगट वेगळे, काळ वेगळा. पण वऱ्हाडात यांतलं काय खरं? बोस्टनमध्ये बसून याचं उत्तर देता येणार नाही.

‘औषधच नाही, तर नाव कळून काय करायचं?’

हा आक्षेप सर्वांत जोरात येतो आणि तो डॉक्टरांकडूनही येतो. त्यात तथ्य एवढंच, की अल्झायमर बरा करणारं औषध नाही. २०२३मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅबचा गाजावाजा तुम्ही वाचला असेल. १,७९५ रुग्णांच्या चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. तेव्हा दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे पाहायला पुन्हा पुन्हा एमआरआय, आणि अमेरिकेतली २०२३मधली किंमत वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर. हे वाशिमला आणा, असं मी म्हणत नाही.

पण विसरणारा प्रत्येक माणूस अल्झायमरचा नसतो. ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, यांनीही माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. यांतलं बरंच काही उपचारानं सुधारतं. ‘चळ’ म्हणून घरात बसवलेल्या आजीला कदाचित फक्त इंजेक्शनांची गरज होती, हे तपासल्याशिवाय कळणार कसं? खरोखर अल्झायमर असेल, तर डोनेपेझिलसारखी औषधं काही काळ थोडा आधार देतात आणि ती भारतात कित्येक वर्षं मिळतात.

शिवाय ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगानं २०२४मध्ये १४ कारणं मांडली, जी आयुष्यभर आटोक्यात ठेवली तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल. त्यांत कमी शिक्षण आहे, कमी ऐकू येणं आहे, उपचार न झालेली अधू नजर, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपण आहे. मोतीबिंदूचं शिबिर आणि बीपीची गोळी हेही मेंदूचंच काम आहे. मुलीला दहावीनंतर शाळेत ठेवणं हा तिच्या सत्तरीचा बंदोबस्त आहे.

‘आमच्याकडं घरचे सांभाळतात’

घरचे म्हणजे कोण? मुलगा पुण्याला किंवा चाकणला कंपनीत, दुसरा शेतात. सांभाळते ती सून, आणि तीही सोयाबीनच्या हंगामात मजुरीला जाते. रात्री म्हातारी उठून ‘मले माह्या घरी जाऊ द्या’ म्हणून दार वाजवते. सून उठते, समजावते, पुन्हा उठते. वर गावात बोललं जातं, की सून नीट पाहत नाही म्हणून बुढी अशी झाली. संस्कृतीच्या नावानं आपण गोडवे गातो, ते या एका बाईच्या झोपेच्या जिवावर.

तिला मदत करता येते आणि ते दाखवूनही झालं आहे, शेजारच्या गोव्यात. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेला अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन ‘घरपोच सल्लागार’ बनवलं. त्या घरी जात, आजार म्हणजे काय ते समजावत, चिडचिडीला आणि भटकण्याला कसं तोंड द्यायचं ते सांगत, सरकारी योजनांचे कागद करून देत. मागं एक मानसोपचारतज्ज्ञ असे. त्यातून सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. यंत्र नाही, महाग औषध नाही. वाशिमला हे न परवडण्याचं कारण सांगा.

प्रश्न फॉर्ममध्ये आहे, उत्तर कुठं जातं?

आता यंत्रणेबद्दल. आशाताई घरोघरी जाऊन तिशीच्या पुढच्या माणसांचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी एक प्रश्न छापलेला आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता तुम्ही विसरता का? उत्तर ‘हो’ आलं, तर डॉक्टर असलेल्या जवळच्या दवाखान्यात पाठवा, अशी सूचना आहे. म्हणजे सरकारला हा प्रश्न माहीत आहे. तो वाशिमच्या प्रत्येक गावात विचारायची सोयही आहे. गेल्या वर्षी जिल्ह्यात किती ‘हो’ आले, त्यांतले किती जण डॉक्टरसमोर बसले, आणि त्या डॉक्टरनं पुढं काय केलं, हे जिल्हा प्रशासनानं जाहीर करावं. ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी नव्या महाविद्यालयाकडं. ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यात एकाच वेळी ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत वाशिमचं आहे. तिथं आठवड्यातून एक दिवस स्मृती-तपासणीचा बाह्यरुग्ण विभाग ठेवा. मेंदूविकारतज्ज्ञ मिळेपर्यंत मेडिसिन आणि मानसोपचार विभागानं तो चालवावा, ब१२ आणि थायरॉइडची तपासणी तिथंच व्हावी. नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थ्याला खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घेऊन शिक्षणभर त्यांच्याकडं जावं लागतं. शंभर विद्यार्थी आणि प्रत्येकी तीन घरं धरली, तरी एका वर्षाची तीनशे घरं झाली. दरवर्षी त्याच घरी जाऊन त्याच आजीला तेच प्रश्न विचारणं, हेच तर अमेरिकेतली केंद्रं कोट्यवधी डॉलर खर्चून करतात.

‘खेड्यात एवढं मोठं संशोधन होत नसतं’ म्हणणाऱ्यांनी कर्नाटकात जावं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात, आंब्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या खेड्यांत, हजारो माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करत आहे. दहा हजारांचं त्यांचं लक्ष्य आहे. जे कोलारला होतं, ते वाशिमला का होऊ नये? मात्र एक अट हवी. रक्ताचे नमुने घेऊन जायचे, परदेशी नियतकालिकात निबंध छापायचा आणि गावाला काहीच सांगायचं नाही, हा प्रकार नको. तपासणीचा निकाल घरी सांगितला पाहिजे, आजार निघाला तर उपचार आणि सल्ला दिला पाहिजे. संमती अंगठ्यापुरती नको, आजीच्या बोलीत समजावून घेतलेली हवी.

आणि तुमच्याकडं, फोनवर हे वाचणाऱ्यांकडं, एक काम. आजी तोच प्रश्न दहाव्यांदा विचारते त्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला लावण्याआधी, त्याच फोनमध्ये नोंद करा: हे कधी सुरू झालं, काय विसरते, वाट चुकते का, पैसे मोजताना गोंधळते का, ऐकू कमी येतं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. या आजाराच्या निदानात घरच्यांनी सांगितलेली हकीकत कुठल्याही स्कॅनइतकी मोलाची असते. ती यादी घेऊन तिला डॉक्टरकडं न्या. डॉक्टर ‘वय झालं’ म्हणाले, तर विचारा: ब१२ पाहिलं का, थायरॉइड पाहिलं का, स्मरणशक्तीची चाचणी कोणत्या भाषेत घेतली? हे प्रश्न जितके जास्त लोक विचारतील, तितका त्या बाह्यरुग्ण विभागाचा दरवाजा लवकर उघडेल.